फाट्यावर उतरणारा माणूस

शांतवन पगारे यांना आमच्या केंद्रात सगळे पगारेभाऊ म्हणत. अंगाने किडकिडीत, डोक्यावर पांढरी टोपी, खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत कुष्ठरोगाच्या गोळ्या, पक्ष्याचं एक पीस आणि दोन पोळ्या. पीस डाग तपासायला. माणसाला डोळे मिटायला सांगायचं, डागावरून पीस फिरवायचं आणि विचारायचं, "कुठं शिवलं? बोटानं दाखव." ज्याला दाखवता आलं नाही त्याचं नाव रजिस्टरात.

मी त्या रजिस्टरांचा कारकून. सत्त्याहत्तर साली नाशिकच्या कुष्ठरोग केंद्रात लागलो, तेव्हा माझ्याजवळ बी. कॉम.ची पदवी होती आणि ती मिळाल्याचं अप्रूप होतं. वडील विंचूरला कांद्याच्या खळ्यावर पोती उचलत. आमच्या घराण्यात अंगठ्याऐवजी सही करणारा मी पहिला. आम्ही ख्रिस्ती, पण नाताळापुरते. पगारेभाऊ रोजचे ख्रिस्ती होते. तरी ते कुणाला धर्माचं सांगताना मी पाहिलं नाही. एकदा एका नव्या सहकाऱ्याने गोळ्यांच्या पिशवीत प्रार्थनेची पत्रकं घातली. भाऊंनी ती काढून टेबलावर ठेवली.

"चांगलीच गोष्ट आहे ना, भाऊ?" तो म्हणाला.

"चांगलीच आहे. पण गोळीबरोबर नको. घाबरलेला माणूस कशालाही हो म्हणतो."

त्यांचा धर्म दिसायचा तो गाडी बंद पडल्यावर. पेठ तालुक्याचा डोंगराळ भाग त्यांच्याकडे होता आणि त्या रस्त्यावर एसटीची गाडी वेळेवर पोहोचली तर लोकांना आश्चर्य वाटे. टायर बसायचा, पट्टा तुटायचा, पावसाळ्यात सावळघाटात दरड यायची. गाडी थांबली की बाकीचे ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडत. भाऊ टोपी काढून मांडीवर ठेवत, डोळे मिटून ओठ हलवत आणि मग उठून एकेका माणसाकडे बघत फिरत. मी एकदा विचारलं, "काय पुटपुटता हो?"

"काही नाही रे वसंता. विचारतो, कुणासाठी थांबवलंस?"

"आणि उत्तर येतं?"

"दहातल्या नऊ वेळा नाही येत. मग पोळी खातो."

ही खोड त्यांना कुठून लागली, ते त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी खोदून विचारलं म्हणून. तरुणपणी ते मुंबईला गिरणीतल्या नोकरीच्या मुलाखतीला निघाले होते. पुढे घाटात मालगाडी घसरली म्हणून त्यांची गाडी इगतपुरीला अडली. सकाळपासून दुपार झाली, दुपारचे चार वाजले. मुलाखत हातची गेली. फलाटावर नळापाशी एक माणूस अंग धुऊन सदरा घालत होता. त्याच्या हातांना बोटं म्हणावी अशी राहिली नव्हती. येणाऱ्याजाणाऱ्याला तो म्हणायचा, "बटणं लावून देता का?" लोक वळून दुसऱ्या नळावर जात.

"मीसुद्धा दोनदा दुसऱ्या नळावर गेलो," भाऊ म्हणाले. "मग गेलो त्याच्याकडे. पाच बटणं होती. चौथं लावताना वाटलं, ह्यासाठीच अडलोय. एवढंच. उजेड नाही, आवाज नाही. बटण बारीक होतं आणि काज फाटलेलं. लागता लागेना."

मुंबईला ते गेलेच नाहीत. उलट्या गाडीने नाशिकला परतले आणि वर्षभरात या कामाचं शिक्षण घ्यायला लागले.

यमुना त्यांना अशाच एका खोळंब्यात सापडली. तिचं नाव मी बदललं आहे आणि ती राहायची त्या फाट्याचं नाव लिहीत नाही. का, ते कळेलच.

घाटाच्या अलीकडे गाडी बंद पडली होती. उतरलेल्या बायकांनी तीन दगड मांडून चहा ठेवला. पातेलं कलंडायला लागलं तशी एका तरुण बाईने पुढे होऊन उकळत्या पातेल्याचा काठ उघड्या हाताने धरला, सरळ केला आणि सावकाश हात काढला. बाकीच्या ओरडल्या, "अगं, चटका!" तिने हाताकडे पाहिलं आणि तो पदराखाली घेतला. तिच्या कडेवर वर्षाची मुलगी होती.

भाऊंनी तिथे काही विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "ताई, पोरीला ऊन लागतंय. गाडीच्या सावलीला ये." तिथे त्यांनी तिचा उजवा हात पाहिला. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर, कोपरामागची शीर सुतळीसारखी जाड, दंडावर फिकट डाग. त्यांनी रोगाचं नाव उच्चारायच्या आत तीच म्हणाली, "भाऊ, घरी कळलं तं मला हाकलतील. पोर ठेवून घेतील. पोर नाय द्यायचे."

"घरी कळणार नाही," भाऊ म्हणाले.

म्हणाले खरे, पण ते अवघड होतं. गोळ्या चार-पाच वर्षं, रोज एक, दर महिन्याला नवी पुडी. मध्ये खंड पडला तर बोटं वाकणार, आणि वाकडी बोटं पदराखाली किती दिवस राहणार? आमची खाकी पिशवी गावोगाव ओळखीची होती. ती एका दारात दोनदा दिसली की तिसऱ्या दिवशी त्या घरचं पाणी कुणी पीत नसे. यमुनाचा नवरा वर्षातले सहा-सात महिने पिंपळगावकडे द्राक्षबागांत मजुरीला असायचा. घरात सासू होती आणि सासूच्या नजरेतून सुईसुद्धा सुटत नसे.

भाऊंनी गांगुर्डे ड्रायव्हरला गाठलं. पेठहून नाशिकला येणारी दुपारची गाडी गांगुर्डे चालवायचे. यमुनाचं घर घाटाच्या पायथ्याशी, फाट्याला लागूनच होतं. भाऊंनी कुणाचं नाव न घेता सांगितलं, "एका माणसाला औषध पोहोचवायचंय. महिन्यातनं एकदा, दहा मिनिटं."

गांगुर्डे म्हणाले, "गाडी तशीबी तापती. तिला तुमच्या तारखेला तापायला सांगतो."

मग महिन्यातून एकदा फाट्यावर गाडी थांबू लागली. गांगुर्डे बॉनेट उघडून "पाणी आणा हो कुणीतरी" म्हणून ओरडत. यमुना कळशी घेऊन येई. भाऊ खाली उतरून तिच्या हातातली कळशी घेत, तेवढ्यात तिची बोटं बघत, पाणी रेडिएटरमध्ये ओतत आणि रिकाम्या कळशीत पुडी टाकून कळशी परत देत. अंगणातून सासू बघत असे. तिला दिसायचं ते एवढंच की सून वाटसरूंना पाणी देते आहे.

प्रवासी वैतागत. "काय हो गांगुर्डे, गाडीची सासुरवाडी आहे का इथं?"

"सासुरवाडी नाय, माहेर. म्हणून तं पाय निघत नाय तिचा."

रजिस्टरात यमुनाच्या नावाऐवजी नुसता आकडा होता. पत्त्याचा रकाना रिकामा होता म्हणून मी भाऊंना हटकलं, तेव्हा त्यांनी मला हे सगळं सांगितलं. सांगून झाल्यावर जरा ओशाळून म्हणाले, "पूर्वी मी विचारायचो, कुणासाठी थांबवलंस. आता मीच थांबवतो आणि त्याला सांगतो, कुणासाठी."

दोन वर्षं हे सुरळीत चाललं.

तिसऱ्या वर्षी मी रजिस्टर तपासायला पेठला गेलो होतो. दुपारी पोस्टातला माणूस निरोप घेऊन आला. वडिलांना नाशिकला दवाखान्यात ठेवलं आहे, छातीचा त्रास, ताबडतोब निघा. मी दुपारच्या गाडीत बसलो. भाऊ शेजारी बसले. त्यांच्या हातात पिशवी पाहिली तेव्हा माझ्या लक्षात आलं की आज ती तारीख आहे. त्यांच्याही आलं असणार.

फाटा दिसू लागला तसं गांगुर्डेंनी समोरच्या आरशातून भाऊंकडे पाहिलं. त्यांना माझ्या निरोपाचं काही माहीत नव्हतं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. कळशी घेऊन यमुना रस्त्याच्या कडेला उभीच होती. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. भाऊही गप्प राहिले. गाडी थांबली.

दहा मिनिटांत पुडी गेली. गांगुर्डेंनी चावी फिरवली तर नुसता टक असा आवाज आला. पुन्हा फिरवली, पुन्हा टक. मग सगळ्यांनी उतरून गाडी ढकलली. ती चढाला लागत होती, म्हणून मागे ढकलून वळवावी लागली. मीही ढकलत होतो. भाऊ माझ्या शेजारी ढकलत होते आणि त्यांची टोपी पडली ती त्यांनी उचलली नाही. पाऊण तास गेला.

मी दवाखान्यात पोहोचलो त्याच्या अर्धा तास आधी वडील गेले होते. बहीण म्हणाली, "दोनदा विचारलं त्यांनी, वसंताची गाडी आली का." मी बरं म्हणालो. मला रडू आलं नाही. दवाखान्याच्या भिंतीला हिरवा रंग होता, एवढं आठवतं.

विंचूरला माती झाली. लोक भेटायला येत आणि म्हणत, प्रभूची इच्छा, त्याची काहीतरी योजना असेल. भाऊ तीन दिवस येत होते आणि यातलं एक अक्षर बोलले नाहीत. ओसरीवर बसून आईबरोबर तांदूळ निवडायचे. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "वसंता, त्या दिवशी मी आरशात नुसती नाही म्हणून मान हलवायला पाहिजे होती."

मी म्हणालो, "हो."

त्यांना दुखवायचं म्हणून म्हणालो नाही. खरं होतं म्हणून म्हणालो. माझ्या आत काहीच हलत नव्हतं.

पुढच्या रविवारी नाशिकच्या चर्चमध्ये वडिलांसाठी प्रार्थना ठेवली होती, म्हणून मी गेलो. वाचनात शुभवर्तमानातली ती गोष्ट आली. एका बापाची मुलगी मरणाच्या दारात आहे, प्रभू त्याच्या घरी निघाले आहेत, वाटेत गर्दीत एक आजारी बाई त्यांच्या वस्त्राला शिवते आणि ते तिच्यासाठी थांबतात. तेवढ्यात निरोप येतो, मुलगी गेली. भाऊ मधेच उठून बाहेर गेले. मी बाहेर आलो तेव्हा ते पायरीवर बसले होते.

"इतकी वर्षं ही गोष्ट बाईच्या बाजूनं ऐकली," ते म्हणाले. "तो बाप तिथंच उभा होता, हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

मी म्हणालो, "तिथं मेलेली मुलगी उठली."

"हो. तिथं."

भाऊंनी गांगुर्डेंना यापुढे थांबू नका म्हणून सांगितलं आणि निफाडकडे बदली मागितली. ती मिळेपर्यंत रजा टाकून घरी बसले. यमुनाच्या आकड्यापुढचा त्यानंतरच्या महिन्याचा रकाना रिकामा राहिला. पुढच्या महिन्याची तारीख आली तरी रिकामाच. मी कारकून. रिकामा रकाना मला दिसतो. मी एक पुडी घेतली, सकाळी पेठला गेलो आणि दुपारच्या गाडीत गांगुर्डेंच्या मागे बसलो. यात माझा चांगुलपणा नव्हता. करुणा वगैरे काही वाटत नव्हती.

गांगुर्डेंनी आरशातून विचारलं, "थांबवू?" मी मान डोलावली.

गाडी थांबताच मागून एक म्हातारबा ओरडले, "आरं, माझी कोर्टात तारीख हाय उद्या! वकील पाचला उठून जातो! चल ना बाबा!" ते दहा मिनिटं ओरडत होते. मी यमुनाच्या हातातून कळशी घेतली.

तिने हळूच विचारलं, "ते भाऊ कुठं?"

"आजारी आहेत."

तिची करंगळी आणि शेजारचं बोट आत वाकायला लागली होती. कळशी तिने तीन बोटांनी आणि मनगटाने धरली होती.

नाशिकला उतरल्यावर मी भाऊंच्या घरी गेलो. ते अंगणात खाटेवर बसले होते. मी उभ्याउभ्याच सांगितलं, "दोन बोटं वाकायला लागलीत. आणि गाडीत एका म्हाताऱ्याची कोर्टाची तारीख होती."

त्यांनी सरकून मला खाटेवर जागा करून दिली. मग म्हणाले, "दुसऱ्याचा वेळ घेऊन देवाचं काम करत होतो मी. माझा होता ना, तो द्यायचा."

बदलीचा अर्ज त्यांनी मागे घेतला. पुढच्या आठवड्यात ते दुपारच्या गाडीने निघाले, पिशवी पेठलाच ठेवून, नुसती छत्री घेऊन, आणि फाट्यावर उतरले. गाडी निघून गेली. ते यमुनाच्या अंगणात जाऊन सासूला म्हणाले, "आजी, चुकून अलीकडंच उतरलो. पुढची गाडी कधी?"

"पुढची आता सांजच्याला," म्हातारी म्हणाली. "तीन तास हायेत. डोळे फुटले व्हते का?"

महिन्याने ते पुन्हा चुकून उतरले. म्हातारीने कपाळाला हात लावला. तिसऱ्या महिन्यात तिने त्यांचं नाव येडा ठेवलं. "हा येडा माणूस दर महिन्याला उतरायचं चुकतो. बायको कशी नांदती याच्याजवळ?" पण दार तिने कधी बंद केलं नाही. वाट चुकलेल्याला पाणी द्यायचं, एवढी त्या घराची रीत होती. यमुना पाण्याचा तांब्या आणून द्यायची, भाऊ पाणी पिऊन रिकाम्या तांब्यात पुडी सोडायचे. उरलेले तीन तास ते यमुनाच्या मुलीशी खेळत. त्यांनी एक खेळ काढला होता. हाताला तेल लावायचं, पंजा मांडीवर उपडा ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने एकेक बोट सरळ करत गाणं म्हणायचं. मुलगी म्हणायची, "आई, तू पन!" आणि आई सासूसमोर बसून वाकडी बोटं मांडीवर चोळत सरळ करायची. म्हातारी म्हणायची, "सोबतीला आता ही पन येडी झाली."

एकदा मी त्यांच्याबरोबर मुद्दाम उतरलो. अंगणापासून लांब, मोहाच्या झाडाच्या सावलीत बसलो होतो. मी विचारलं, "भाऊ, मग माझ्या वडिलांच्या दिवशीचा उशीर कुणासाठी होता?"

"ते मी सांगायचं नाही," ते म्हणाले. "मी अर्थ लावला तर तो माझ्या सोयीचा असेल. आपण फक्त आपल्या उशिराला विचारावं."

"मला चर्चमध्ये बसून काही वाटत नाही." त्या प्रार्थनेनंतर मी दर रविवारी जात होतो. का, ते मला सांगता आलं नसतं.

"नाही वाटलं तरी बस. पिसानं शिवलेलं कळत नाही, म्हणून शिवलंच नाही असं थोडंच असतं?"

मी बसत राहिलो. अजून बसतो.

तीन वर्षं ते दर महिन्याला फाट्यावर उतरले. पावसात, उन्हात, एकदा तापातसुद्धा. केंद्रातल्या मोठ्या डॉक्टरांनी एका बाजाराच्या दिवशी पेठला यमुनाचा हात पाहिला आणि गोळ्या बंद केल्या. करंगळी थोडी वाकडी राहिली, शेजारचं बोट सरळ झालं. घरी काही कळलं नाही. मी रजिस्टरात तिच्या आकड्यापुढे 'पूर्ण' असं लिहिलं आणि खाली सही केली.

त्याच सुमारास माझी जळगावकडे बदली झाली. जाण्याआधी पेठचं काम उरकून मी आणि भाऊ दुपारच्या गाडीने परत येत होतो. गांगुर्डे निवृत्त झाले होते, ड्रायव्हर नवा होता. फाटा आला. भाऊ समोर बघत बसून राहिले. त्यांचं तिथे आता काही काम नव्हतं आणि पुन्हा दिसणं यमुनाच्या हिताचंही नव्हतं.

एवढ्यात यमुनाची सासू दोन्ही हात हलवत रस्त्याच्या मधोमध आली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला.

"काय झालं, आजी? मरायचं का?"

"आरं, तुझ्या गाडीत आमचा येडा हाय!" म्हातारी खिडक्यांतून शोधत ओरडली. "उतरायचा राहिला तो! टोपीवाला! सकाळी जाताना पाहिला मी त्याला!"

सगळी गाडी हसली. भाऊ उठले. पण ते दाराकडे गेले नाहीत. आधी बाकांच्या मधून शेवटपर्यंत चालत गेले आणि प्रत्येकाला विचारत आले, "कुणाला घाई आहे का? दवाखाना? कोर्ट? मयत?" लोक हसत नाही म्हणाले. तरी ते ड्रायव्हरला म्हणाले, "तुम्ही निघा. मी मागच्या गाडीनं येतो."

मी म्हणालो, "भाऊ, आज तर काहीच नाही द्यायला."

"म्हातारीनं गाडी थांबवली रे," ते म्हणाले आणि उतरले.

ड्रायव्हरने गिअर टाकेपर्यंत मी खिडकीतून पाहत होतो. म्हातारी त्यांना रागे भरत अंगणात नेत होती. त्यांनी ओट्यावर बसून टोपी काढली. यमुना तांब्या घेऊन बाहेर आली. सासू तिथेच उभी होती. यमुनाने पदर सावरला नाही, हात झाकला नाही. उजव्या हाताने तांब्या पुढे केला आणि भाऊंनी तो घेतला.

मग गाडी घाटाला लागली.